धनुष्याची पावती

कुरिअरवाल्यानं खोकं फाटकातच ठेवलं
आणि बिल तेवढं हातात धरलं.
अकरा हजार दोनशे चाळीस.
काका, आधी हे, मग सही, मग खोकं.
म्हटलं, पैसे तर भरलेत, फेब्रुवारीतच, सगळे.
म्हणाला, ते धनुष्याचे. हे देशात येण्याचे.

देशात येण्याचे.
मी बार्शीहून भोसरीत आलो
तेव्हा नुसतं एसटीचं तिकीट लागलं होतं.

त्याआधी सतरा दिवस ते मुंबईत अडकून होतं.
फोन आला, हे हत्यार आहे का?
म्हटलं, साहेब, मुलगी बारावीला आहे.
म्हणाले, मुलीचं नाही विचारलं.

जिन्यातल्या बल्बखाली उभं राहून बिल वाचलं.
मालाची किंमत, तीत वाहतूक, तीत विमा,
त्या बेरजेवर सीमाशुल्क,
शुल्कावर समाजकल्याण अधिभार
(इथं थोडा थांबलो. समाजात आपण येतो का ते बघत होतो)
आणि या सगळ्यांच्या खांद्यावर
जत्रेतल्या लेकरासारखा बसलेला आणखी एक कर.
वर्णनाच्या रकान्यात: खेळाचे साहित्य, इतर.

इतर.
पहाटे साडेपाचला इंद्रायणीनगरच्या मैदानावर
तीन वर्षं क्लबचं लाकडी धनुष्य, चौघींत एक,
आपली पाळी येईपर्यंत नुसता हात ताणून उभं राहणं,
कोपराच्या आत दोरी लागून पडलेला निळा डाग,
कॉलेजात पूर्ण बाह्या.
एवढं सगळं त्या एका शब्दात बसवलं होतं कुणीतरी.

हिनं भिशीचा नंबर
तुपेबाईंशी बदलून घेतला, मला न विचारता.
ते मला पैसे मोजताना कळलं.

खोकं उघडलं. लाल रंगाचा मधला भाग, ॲल्युमिनियमचा,
थंड, आमच्या शॉपमधल्या सकाळच्या जॉबसारखा.
अनुजा म्हणाली, पप्पा, हात पुसून.
पुसले. तरी अंगठा आपोआप गेला
जिथं पातं बसतं त्या बोल्टच्या खाचेत.

असला एक भाग आम्ही काढायचो.
सेक्टर दहा, रात्रपाळी, दोन वर्षं, सहा हजार नग.
ड्रॉइंगवर नाव नव्हतं, नंबर होता.
तांबोळी म्हणायचा, सायकलचा असणार.
गवंडेसाहेब म्हणायचे, मापाशी मतलब ठेवा.
बाहेर जायचा तो. जाताना त्याला कुणी अडवलं नाही,
कर नाही, प्रश्न नाही, खोक्यावर निर्यातीचा शिक्का.
नगामागं मला काय पडायचं ते सांगत नाही,
पोरीसमोर तर नाहीच.

आमचं तीन नंबरचं मशीन
शेवटाला टूल किंचित उचलतं.
तिथं केसाएवढी रेघ राहते,
डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते.
नखाला लागली.

डब्यातून व्हर्निअर काढला. लावला. परत लावला.
असेल. नसेलही.
जगात उचलणारी मशीनं काय कमी आहेत?
तांबोळीला फोन लावावा असं वाटलं,
पण तो आता चाकणला असतो आणि दिवसा झोपतो.

पप्पा, खोलू नका हां, सेटिंग जातं.
नाही खोललं.

मग तिनं पाती चढवली, दोरी चढवली,
फ्रीजकडं तोंड करून उभी राहिली.
आमची खोली नऊ फूट, निशाण सत्तर मीटरवर असतं म्हणे.
दोरी ओढली, हनुवटीला टेकवली,
आणि खोलीत कुकरची शिट्टीसुद्धा
जरा लांबून आल्यासारखी वाटली.
बाणाशिवाय दोरी सोडायची नसते,
धनुष्याला इजा होते, हे मला तिनंच शिकवलंय.
तशीच हळूहळू परत आणली तिनं, श्वासाबरोबर.

बाण नव्हताच.
तरी मी बाजूला झालो होतो,
पावती हातात घेऊन, भिंतीला पाठ लावून.